एका पेराएवढं जुनं सार

१ ऑक्टोबर १९८४, सोमवार. ढगाळ.

ही डायरी जानेवारीत नवऱ्याला त्याच्या कारखान्यातून मिळाली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या माशाच्या वड्यांची जाहिरात आहे. नऊ महिने कपाटात कोरी पडून होती. आज बाहेर काढली, कारण आज मला काम लागलं.

काम विद्यापीठात बाटल्या धुण्याचं. तिथे एक सरकारी वही दिलीय, रोज काय केलं ते लिहायला. पण त्या वहीत मनातलं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. म्हणून मनातलं इथे.

मी ओनोदेरा मित्सुयो, वय बावन्न, शाळा चौथीपर्यंत. पुढे लढाई आली आणि शाळेची कोठारं झाली. बाटल्या धुवायला चौथी पुरेल असं वाटलं होतं. पुरत नाही! नळाखाली सात वेळा, मग वाफेच्या पाण्याने सात वेळा. मी पाचावरच थांबले, तर तिथल्या बाईने बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "मावशी, अजून दोनदा." कसं कळलं कोण जाणे.

या बाईचं नाव काकिझाकी योरिको. तिशीची आहे. डॉक्टर आहे, पण औषधं देणारी नव्हे. मी डॉक्टरबाई म्हणते. तोंड सुकवलेल्या मुळ्यासारखं, चालते बदकासारखी.

९ ऑक्टोबर, मंगळवार.

बाटल्यांत काय वाढवतात ते आज कळलं. माशी! मांसावर बसते ती मोठी करडी माशी. आख्खी नाही, तिच्या पोटातल्या पिल्लांच्या अंगाचे कण. डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांना पेशी म्हणतात. त्यांना खायला घातलेल्या पिवळट साराच्या तळाशी पडून असतात आणि डॉक्टरबाई दुर्बिणीतून त्यांची विचारपूस करते.

मी म्हटलं, "आयुष्यभर मी माशा मारल्या. तुम्ही त्यांना वाढवायचा पगार घेता?"

ती हसली. हसली की मुळा जरा कमी वाटतो.

मग म्हणाली, "मावशी, बोट कापलं की कातडी भरून येते ना? आणि भरली की थांबते. म्हणजे कातडीला कुणीतरी 'वाढ' असा निरोप देतं. माशीत तो निरोप कोण देतं, तो पदार्थ मला शोधायचाय."

अळ्यांच्या अंगातल्या पाण्यातून तिने पाच अर्क काढलेत. एक ते पाच नंबरच्या बाटल्यांत एकेक अर्क आणि सहाव्या नंबरात काहीच नाही, नुसतं सार. ज्या नंबरात पेशी दुपटीने वाढतील त्या अर्कात निरोप. अजून कुठेच वाढत नाहीत.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार.

डॉक्टरबाई जेवायला माझ्याकडे धुण्याच्या खोलीत येते. तिच्या डब्यात रोज भाताचा एक गोळा आणि एक खारवलेलं आलुबुखार. खोलीत शेगडी आहे म्हणून येत असणार. मी आमच्या मुरलेल्या वांग्यांतली चार दिली. आठ खाल्ली.

"कुठे घेतलीत?"

"घेतली? सासूबाईंच्या मडक्यातली आहेत. ज्या भाताच्या कोंड्यात ती मुरतात, तो चाळीस वर्षांचा आहे."

"चाळीस?"

"त्यांनी वीस सांभाळला, मी वीस. रोज हात घालून ढवळायचा."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी म्हटलं, धुतलेला आहे. सात वेळा.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार. पाऊस.

मोठे प्राध्यापक निनोमिया सर डॉक्टरबाईला मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्याच कामाला जुंपतात. नेमकं त्याच दिवशी पेशींचं सार बदलायचं असतं. म्हणून ते आता मी बदलायचं. काचेच्या पेटीत हात घालून, दिवा पेटवून, नळीने जुनं सार ओढून घ्यायचं, फेकायचं, नवं घालायचं. पेशी तळाला बसलेल्या असतात, त्यांना धक्का लावायचा नाही. सगळं जुनं जायला हवं. सगळं.

चौथी शिकलेल्या बाईला हे कसं जमणार, असं सरांचं तोंड म्हणत होतं. डॉक्टरबाई म्हणाली, "सर, मावशींचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." खरंच आहे. तिचा थरथरतो.

तिची नेमणूक मार्चअखेरपर्यंतच आहे. तोवर निरोप सापडला नाही तर परत आकिताला, वडिलांकडे. त्यांनी तिच्यासाठी दारूच्या दुकानाचा मालक बघून ठेवलाय. "दोन पोरं आहेत त्याला," ती म्हणाली, "आणि त्याला बुद्धिमान बायका आवडत नाहीत, असं त्याने स्वतःच पत्रात लिहिलंय."

मी म्हटलं, निदान खरं लिहितो.

६ नोव्हेंबर, मंगळवार. गार वारा.

तीन नंबरच्या दोन्ही बाटल्या मरायला टेकल्यात. सकाळी डॉक्टरबाईने मलाही दुर्बिणीतून दाखवलं. बाकीच्या बाटल्यांत निदान डाळीसारखं काहीतरी पसरलेलं दिसतं, तीन नंबरात चार दाणे इकडे, चार तिकडे. "शुक्रवारी टाकून देऊ," म्हणाली आणि सरांकडे गेली, तोंड तसंच, सुकलेला मुळा.

मी पेटीपुढे बसले. बाकीचे पाच नंबर झाले, सगळं जुनं काढलं, नवं घातलं. तीन नंबर हातात घेतला आणि मनाला पटेना. ज्या साली सासूबाई गेल्या त्या साली कोंडा बिघडला होता. काळी साय, नाकाला झोंबणारा वास. शेजारीण म्हणाली, फेक आणि नवा भर. मी फेकला नाही. तिसरा हिस्सा जुना ठेवला, वर नवा घातला, आठ दिवसांत मडकं ताळ्यावर. नव्या कोऱ्या कोंड्यात काही मुरत नाही, त्याला जुन्याची सोबत लागते. हे ज्याच्या घरात मडकं आहे त्या सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि इथे हे शिकलेले लोक आठवड्यातून दोनदा सगळं फेकतात!

तीन नंबरच्या दोन्ही बाटल्या उभ्या धरल्या. बाहेरून बोट लावलं. तर्जनीच्या एका पेराएवढं जुनं सार ठेवलं, वर नवं घातलं. नाहीतरी मरणारच होत्या.

सरकारी वहीत लिहिलं, "सर्व बाटल्यांतील सार बदलले." बदललंच की, बरंचसं.

९ नोव्हेंबर, शुक्रवार.

तीन नंबर टाकला नाही. डॉक्टरबाई दुर्बिणीतून बघून म्हणाली, "अजून थोडं थांबू." पुन्हा एक पेर ठेवलं.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार. ऊन.

आज ती पळत आली! बदक पळतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलं. सपाता एकीकडे, ती दुसरीकडे.

"मावशी! तीन नंबर! दुप्पट झाल्यात!"

मला ओढत नेलं. तळ गच्च भरलेला, बाजारात नवी माशाची अंडी मांडतात तसा. बाकी पाचही नंबर जिथल्या तिथे. तीन नंबरच्या अर्कात निरोप आहे, असं तिने तीनदा सांगितलं. माझे दोन्ही हात धरले. तिचे बर्फासारखे होते. मी म्हटलं, आधी काहीतरी खा.

मलाही बरं वाटलं. औषध चांगलं होतं, मी फक्त त्यांना दचकू दिलं नाही. थंडीत आंघोळीचं पाणी एकदम बदललं की माणूसही दचकतं.

२० नोव्हेंबर, मंगळवार. तीन नंबर, चार बाटल्या. एक पेर.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार. तेच. आज सुट्टी होती, तरी गेले. पेशींना सुट्टी कळत नाही.

७ डिसेंबर, शुक्रवार. पहिलं बर्फ.

तीन नंबरच्या आता आठ बाटल्या. सगळ्यांत एक पेर. फडताळात सगळ्यात मागे असलेल्या एका बाटलीत विसरले, सगळं काढलं गेलं. बघू.

नवऱ्याला सांगितलं की माझ्यामुळे माशा वाढतायत. तो म्हणाला, "स्वयंपाकघरात तर तुझ्यामुळे कायम वाढत होत्या, तेव्हा कुणी पगार दिला नाही."

१४ डिसेंबर, शुक्रवार.

मागच्या बाटलीतल्या पेशी वाळल्या. डॉक्टरबाई म्हणाली, मागे जास्त गार असेल. असेल.

२८ डिसेंबर, शुक्रवार.

वर्षाचं शेवटचं काम. सगळी फडताळं पुसली. निनोमिया सर स्वतः येऊन दुर्बिणीत बघून गेले. तोंडातून "हं" निघालं. डॉक्टरबाई म्हणते सरांचं "हं" म्हणजे दुसऱ्यांचं भाषण. मार्चअखेर तोक्योला मोठी सभा आहे, तिथे तिने तीन नंबरबद्दल बोलायचं. मग नेमणूक वाढणार. दारूवाल्याला 'नाही' म्हणून कळवणार. ती मला म्हणाली, "मावशी, तुमच्या हाताला यश आहे."

माझ्या हाताला आयुष्यात प्रथमच कुणी असं म्हणालं. मी पाठ फिरवून भांडी आपटली, म्हणजे माझे डोळे तिला दिसू नयेत.

८ जानेवारी, मंगळवार.

वर्ष संपलं पण डायरी संपली नाही. पहिले नऊ महिने कोरेच आहेत, मग नवी कशाला? वार खोडून नवे लिहिते.

सर म्हणाले, सभेच्या आधी प्रयोग पुन्हा करून दाखवा, आणि या वेळी बाटल्यांना दुसरं कुणी हात लावायचा नाही. डॉक्टरबाईने स्वतः करायचं, सगळंच. मी फक्त धुणार. बरं झालं, माझी पाठ दुखते.

२५ जानेवारी, शुक्रवार. कडाक्याची थंडी.

वाढत नाहीत. तीन नंबर आणि सहा नंबर, शेजारी शेजारी, सारखेच. डॉक्टरबाईने नवा अर्क काढला. तरी नाही. पाचशे अळ्या पिळल्या. तरी नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

जेवायला आली, डबा उघडलाच नाही. मी वांगी पुढे केली. म्हणाली, "मावशी, मला वाटतं मी नोव्हेंबरात स्वप्न पाहिलं."

मी बाटली धूत होते. सहा, सात. आणि सातव्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती सगळं काढते. तिचा हात थरथरतो, पण ती नियमाने वागते, शेवटचा थेंबसुद्धा ओढून घेते. म्हणजे तीन नंबरचं औषध वगैरे काही नव्हतंच. पेर होतं.

माझ्या हातातून बाटली सुटली. फुटली. ती म्हणाली, "राहू दे, मावशी," आणि स्वतः काचा गोळा करायला बसली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. मी! जिने लग्नाच्या दिवशी सासऱ्यांना घोरता म्हणून सांगितलं होतं.

६ फेब्रुवारी, बुधवार.

नवऱ्याला सांगितलं. तो कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीच्या टेबलाच्या, रजईत कमरेपर्यंत शिरून संत्रं सोलत होता.

"म्हणजे तू सांगितलंस तर काय होईल?"

"माझं काम जाईल. सरकारी वहीत सोळा वेळा खोटं लिहिलंय."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"ती तोक्योला शंभर लोकांपुढे उभी राहून चुकीचं बोलेल. नाहीतर काहीच न बोलता आकिताला जाईल."

त्याने अर्धं संत्रं मला दिलं. "एरवी तुझं तोंड बंद व्हावं म्हणून मी देवळात नाणी टाकतो. आणि नेमकं आत्ता कुलूप लागलंय होय?"

८ फेब्रुवारी, शुक्रवार.

सांगितलं.

दार लावलं आणि एका दमात सांगितलं. तिसरा हिस्सा, मडकं, सासूबाई, पेर, सगळं. ती उभी होती ती स्टुलावर बसली.

"वहीत 'सर्व बदलले' लिहिलंय."

"हो."

"सोळा वेळा."

"हो. माझी चूक. उद्यापासून येत नाही. पण तुम्ही तिथे जाऊन तीन नंबरचं बोलू नका."

तिने शेगडीवरची किटली उतरवली. मग तिने विचारलं, "किती?"

"काय किती?"

"जुनं सार. किती ठेवत होतात?"

मी बोट दाखवलं. तिने खिशातून पट्टी काढली, माझं बोट धरलं आणि पेर मोजलं! दोनदा. दोन सेंटिमीटर आणि तीन रेघा. त्या वेळी तिचा हात अजिबात थरथरत नव्हता.

"सगळ्या बाटल्यांत? पहिल्या दिवसापासून?"

"नाही. आधी दोन, मग चार, मग आठ. एकदा एकीत विसरले."

"ती मागची! जी वाळली!" ती ओरडली. "तारीख? मावशी, तारीख आठवते?"

"आठवायला कशाला हवी? लिहिलंय."

"वहीत तर..."

"त्या वहीत नाही. माझ्या घरच्या डायरीत."

ती म्हणाली, "आणा."

९ फेब्रुवारी, शनिवार.

सकाळपासून ही डायरी चाळतेय. ६ नोव्हेंबरचं पान सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याच पानावर सुकलेला मुळा. १६ नोव्हेंबर, बदक. फाडावं तर तारखा जातात. शाईने खोडावं म्हटलं, तर नवरा म्हणाला, "खोडलेलं माणूस आधी वाचतं."

पिठाच्या खळीने मुळ्यावर कागदाची पट्टी चिकटवली. उजेडात धरली तर आरपार दिसते. ती तर सगळंच उजेडात धरते.

जाऊ दे. नेऊन देते.

३ मार्च, रविवार. ऊन. बर्फ वितळतंय.

डायरी परवा परत मिळाली. तीन आठवडे तिच्या टेबलावर होती, मी लिहू कशात? एवढ्या दिवसांचं आता एकदम लिहिते.

मला कुणी काढलं नाही. सर मात्र सरकारी वही माझ्यापुढे आपटून म्हणाले, यापुढे हिच्यातही खरंच लिहायचं, कितीही वेडगळ असलं तरी. मी म्हटलं, लिहीन, पण मग नंतर कुरकुर करायची नाही. ते म्हणाले, "हं."

डॉक्टरबाईने माझ्या तारखा लावून सगळे प्रयोग पुन्हा मांडले. अर्क आहे, जुनं सार नाही: वाढत नाहीत. अर्क नाही, जुनं सार आहे: वाढतात! नुसतं सहा नंबरचं जुनं सार दुसऱ्या बाटलीत घातलं, तरी वाढतात. उकळून घातलं की नाही वाढत. म्हणजे त्यात आहे ते नाजूक आहे. निरोप अळीच्या अंगातून आणायला नकोच होता. त्या पेशीच एकमेकींना देत होत्या, सारात सोडत होत्या, आणि आम्ही आठवड्यातून दोनदा तो मोरीत ओतत होतो.

ती हे सांगताना रडत होती की हसत होती ते कळेना. मी म्हटलं, "एवढंच? शेजारीपाजारी असले की माणूस वाढतो, एकटं टाकलं की वाळतो. याला विद्यापीठ कशाला लागतं?"

"तो पदार्थ नेमका कोणता, ते शोधायला लागतं," ती म्हणाली. आणि भाताच्या गोळ्यासकट शेगडीपाशी माझ्याजवळ सरकली. आता थंडीही नाही, तरी इथेच बसते.

फेकायचं सार आता फेकायचं नाही. मोठमोठ्या बरण्यांत भरून बर्फात ठेवायचं, त्यातून निरोप वेगळा काढणार आहेत. चाळीस बरण्या झाल्या. धुणार कोण? मीच. सरांनी तिची नेमणूक दोन वर्षं वाढवली. त्यांनीही ही डायरी वाचली म्हणे. मला एकच विचारलं, या पानाखालच्या माशाच्या वड्या कुठे मिळतात.

डायरीत तिने लाल पेन्सिलीने तारखांखाली रेघा मारल्यात. ६ नोव्हेंबरची कागदाची पट्टी अलगद सोडवून पुन्हा तशीच चिकटवलीय. आणि १६ नोव्हेंबरला, बदकाच्या शेजारी, बारीक अक्षरात: "माझी आईही हेच म्हणते."

२८ मार्च, गुरुवार.

दुपारी फोन वाजला. मी मडक्यात हात घालून बसले होते, कोपरापर्यंत कोंडा. नवऱ्याने फोन माझ्या कानाला धरला.

तोक्योहून डॉक्टरबाई. मागे नुसता गलका.

"मावशी, झालं! शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, जुनं सार नेमकं दोन पूर्णांक तीन सेंटिमीटरच का? हा आकडा कसा ठरवलात?"

"मग काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, हे ओनोदेरा मावशींच्या तर्जनीचं पेर आहे."

"अहो! लोक हसले असतील."

"हसले ना. सगळा हॉल हसला. आणि मग सगळ्यांनी लिहून घेतलं."

नवरा फोन धरून उभा होता, त्याने ऐकलं. माझ्या कोंड्याने माखलेल्या बोटाकडे तो असा बघू लागला, जणू ते आत्ताच बाजारातून आणलंय.

"बघता काय," मी म्हटलं, "फोन ठेवा. वांगी उलटायची राहिलीत."